खरं औषध की साखरेची गोळी?

‘मॅडम, आमच्या माणसाला खरं औषध मिळणार की साखरेची गोळी?’ संमतीपत्र हातात पडलं की नातेवाईक हमखास विचारतात. मी रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे औषधं माणसांवर तपासून बघण्याचं काम बघते. (गोळीत पुष्कळदा लॅक्टोज असतं, म्हणजे साखरच. लोकांचं चुकत नाही.) पण उत्तर आजार बघून द्यावं लागतं.

ब्लड कॅन्सरवर लागू पडणारं औषध असताना कुणाला नुसत्या साखरेवर ठेवत नाहीत. २००० साली सुरू झालेली ‘आयरिस’ ट्रायल घ्या. सीएमएल या ब्लड कॅन्सरचे ११०६ रुग्ण. निम्म्यांना रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब हे तेव्हाचं नवं औषध, उरलेल्यांना तेव्हाचा रूढ उपचार: इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि सायटाराबिन हे केमोथेरपीचं औषध. इंटरफेरॉननं माणूस तापानं फणफणायचा, अंग मोडून यायचं. ते सोसत नसेल किंवा गुण येत नसेल तर इमॅटिनिबकडे यायची मुभा होती, पुष्कळजण आले. दीड वर्षात इमॅटिनिबवाल्यांपैकी अंदाजे ७६ टक्क्यांच्या अस्थिमज्जेत या कॅन्सरची खूण असलेलं फिलाडेल्फिया गुणसूत्र दिसेनासं झालं. जुन्या उपचारात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत होतं.

दम्यात मात्र प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी किंवा पंप, असू शकतो, बहुतेकदा नेहमीचे पंप चालू ठेवून. अमेरिकेत १९९६ साली सालमेटेरॉलची ट्रायल सुरू झाली. श्वासनलिका बराच वेळ मोकळी ठेवणारं हे औषध. २६ हजारांवर रुग्ण, काहींना औषधाचा पंप, काहींना रिकामा. औषधाच्या गटात दम्यानं १३ जण गेले, रिकाम्या पंपाच्या गटात ३. २००३ साली ट्रायल थांबवली. तो दुसरा गट नसता तर हे मृत्यू धुळीच्या, थंडीच्या, परागकणांच्या नावावर खपले असते. आता दम्यात सालमेटेरॉल एकटं देत नाहीत, स्टिरॉइडच्या जोडीनंच देतात.

‘पण तुम्हाला तर ठाऊक असेल ना, आमच्या वाट्याला काय आलंय?’ नाही. प्लासिबोच्या अशा ट्रायलमध्ये मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. हे कुणाला पटत नाही.

मला वाटतं, गोळीपेक्षा हे विचारा: दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळणार? ट्रायल संपल्यावर औषध कोण देणार? ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत, तसं आपल्याकडच्या क्लिनिकल ट्रायलच्या २०१९च्या नियमांत आहे. संमतीपत्र घरी न्या, चार माणसांत वाचा. सही केल्यावरही कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही.