हरकत आहे

आमच्या एरंडवण्यातल्या सोसायटीच्या फाटकाजवळ बुचाचं झाड आहे. मागच्या महिन्यात त्याच्या खोडावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली. पुनर्विकासासाठी झाड काढायचं आहे, कुणाची हरकत असल्यास 7 दिवसांत लेखी कळवावी. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे अशी नोटीस झाडावर लावावीच लागते. त्यात झाडाचं वय लिहिलं होतं 35 वर्षं.

संध्याकाळी अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, तुमचा रीडेव्हलपमेंटला विरोध आहे का?"

"विरोध नाही. हरकत आहे."

हे दोन शब्द मी एका दमात म्हटले आणि मग रात्रभर त्यांचाच विचार करत राहिले. विरोध सगळ्या गोष्टीला असतो, कधी माणसालाही. हरकत एका मुद्द्यावर घेतात आणि तिला कारण द्यावं लागतं. नव्या इमारतीत लिफ्ट येणार, ती मलाही हवी आहे. पण वय चुकीचं लिहून झाड जायला नको.

आपण हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो, पण जवळजवळ नेहमी 'नाही' जोडून. पाहुणे उशिरा आले, हरकत नाही. दुकानदाराकडे सुटे नाहीत, हरकत नाही. "जायला काय हरकत आहे?" यात तर 'आहे' असूनही अर्थ नाहीचाच. 'दुमत'चंही तसंच, ते 'नाही'शिवाय क्वचितच दिसतं. सोसायटीच्या सभेत "कुणाची हरकत?" असं विचारलं गेलं तेव्हा आम्ही चोवीस कुटुंबं गप्प बसलो होतो, मीसुद्धा.

मूळ अरबीत हरकत म्हणजे हालचाल. अरबी लिपीत व्यंजनाला स्वर देणाऱ्या खुणांनाही हरकतच म्हणतात, कारण त्यांच्यामुळे ठप्प अक्षर चालू लागतं. लहानपणी गाण्याच्या क्लासमध्ये आमच्या बाई सांगायच्या, "आधी सूर स्थिर कर, मग हरकत घे." स्थिर सुराला दिलेली ती छोटीशी, चपळ वळणं मला फार आवडायची. मराठीत याच शब्दाला आक्षेपाचा, अडथळ्याचा अर्थ आला. 'हरकत घेणे' मात्र गाण्यातही म्हणतात आणि कचेरीतही.

कपाटातून सासूबाईंचा 1974 चा फोटो काढला. गच्चीवर वाळवणं घातलेली आणि मागे बुचाचा शेंडा, तेव्हाच दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेला. म्हणजे झाड पन्नाशीच्या पुढचं, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. त्याला वेगळे, जास्त कडक नियम आहेत.

पाचव्या दिवशी उद्यान विभागाच्या खिडकीवर अर्ज आणि फोटोची झेरॉक्स दिली. "विषय काय लिहू?" आवक नोंदवणाऱ्या मुलीने विचारलं.

"हरकत," मी म्हटलं.

तिने माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला. येताना बुचाखाली पडलेली पांढरी फुलं वेचली आणि फोटोपुढे वाटीत ठेवली.