पावसातलं रान आणि कमी धोक्याची वाट

आज राजापूरकडच्या एका देवराईतून सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळ पठारावर, जाऊन आलो. रान भिजून गच्च, हिरवं, फार देखणं. पण पावसाळ्यात वाट निवडताना आधी उतार बघायचा. ३० अंशांच्या आतला, वर तासलेला डोंगर नसलेला पट्टा घ्यावा. नुसत्या झाडीवर विसंबू नये, दरड सुटली की झाडांसकट खाली येते. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळिये गावावर अशीच दरड आली. जमिनीला ताजी भेग, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ दिसलं की तिथून मागं फिरायचं.

जास्त जपायचं ते पऱ्यांना, म्हणजे पावसाळी ओढ्यांना. सड्याच्या कठीण कातळात पाणी फारसं मुरत नाही. वर जोराची सर पडली की सकाळी घोट्याएवढा असलेला पऱ्या बघता बघता कमरेला लागतो. म्हणून परतीला पऱ्या आडवा येणार नाही अशीच वाट धरावी. ओलांडायचाच झाला तर पाणी गुडघ्याखाली हवं, सॅकचा कंबरपट्टा सोडलेला, तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली. तळ दिसत नसेल तर थांबावं, पाणी ओसरू द्यावं.

शेवाळलेल्या जांभ्या दगडावर टाच आधी टेकवू नका, अख्खं पाऊल सपाट ठेवा. आणि अंगाला जळू चिकटली तर ओढू नका, नखाने तिच्या तोंडाकडून सरकवा.