एकाच बारीत दोन बुवा : सॅम अँड डेव्हचा १९६६चा अल्बम

डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकत वाढलेल्या कानाला सोल संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत, फार परकं वाटू नये. कणकवली-कुडाळकडच्या देवळात समोरासमोर बसलेले दोन बुवा, दोघांच्या दोन पेट्या, पखवाज, झांजा, मागे कोरस. पहिल्याने गजर चढवून ठेवला की दुसरा काय उत्तर देतो ते ऐकल्याशिवाय मंडपातून कोणी हलत नाही. सॅम अँड डेव्ह या जोडीचा “होल्ड ऑन, आय'म कमिन” हा अल्बम लावताना एवढंच मनात धरायचं, की इथे दोन्ही बुवा एकाच बारीत बसले आहेत आणि एकाची ओळ संपायच्या आत दुसरा तिच्यात शिरतो आहे.

सॅम मूर मायामीचा, डेव्ह प्रेटर जॉर्जियातल्या ओसिला गावचा. दोघेही चर्चमध्ये गाऊन तयार झालेले. सॅमचा आवाज वरच्या पट्टीचा, धारदार. डेव्हचा खालचा, खरखरीत आणि भरीव. सुरुवातीच्या काही रेकॉर्डी कोणी विचारल्या नाहीत. १९६४मध्ये अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने त्यांना करारबद्ध केलं आणि मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे जणू उसने दिले. तिथेही पहिली दोन गाणी खपाच्या यादीत आली नाहीत. त्यातलं दुसरं, “आय टेक व्हॉट आय वाँट”, या अल्बमवर आहे आणि आज ऐकलं तर ते का चाललं नाही याचं नवल वाटतं. तिसऱ्या “यू डोन्ट नो लाइक आय नो”ने आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या) यादीत ७वा क्रमांक गाठला.

या तिसऱ्या गाण्याची घडण आपल्याकडच्या मंडळींनी नीट पाहावी. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर या गीतकार जोडीने चर्चमधलं एक भक्तिगीत घेतलं आणि देवाच्या जागी प्रेयसी ठेवली. आपल्याकडे याच्या उलट चालतं. सिनेमातल्या गाण्याची चाल उचलायची आणि तिच्यावर विठ्ठलाचा नाहीतर गणपतीचा गजर बसवायचा. दिशा उलटी असली तरी कारण तेच: ऐकणाऱ्याच्या तोंडात आधीच बसलेली चाल असली की कोरस उचलायला वेळ लागत नाही.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे ९२६ ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं जुनं कॅपिटल थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि जिथे पडदा असायचा त्या बाजूला यंत्रांची खोली केली. वादक आणि गायक एकत्र उभे राहून वाजवत. स्टीव्ह क्रॉपरची गिटार, डोनाल्ड ‘डक’ डनचा बास, अल जॅक्सन ज्युनियरचे ड्रम्स. स्टुडिओचा ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स त्या वर्षांत इंडियाना विद्यापीठात शिकत असल्यामुळे बऱ्याच वेळा पियानो-ऑर्गनवर स्वतः हेज बसायचा. अशा रेकॉर्डिंगमध्ये एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातोच. मग चूक झाली तर एकट्याची ओळ बदलता येत नाही, सगळ्यांनी पुन्हा घ्यायचं. गाण्यातली ती धग मला तरी याच सक्तीतून आलेली वाटते.

ठेक्याकडे लक्ष द्या. कहरव्याच्या आठ मात्रा मोजत बसलात तर स्नेअरचा (ड्रम्समधल्या कडक आवाजाच्या ढोलाचा) जोरदार ठोका समेवर नाही, ३ऱ्या आणि ७व्या मात्रेवर पडतो. शिवाय अल जॅक्सन तो ठोका केसभर उशिरा मारतो. घाई केली तर गाणं नुसतं पळतं, डोलत नाही. पखवाजावर हे बसवताना हमखास चूक होते ती हीच: हात सवयीने समेवर जोर देतो. उपाय सोपा आहे. आधी वाद्य बाजूला ठेवून, पायाने १ली आणि ५वी मात्रा धरायची आणि टाळी फक्त ३ऱ्या-७व्या मात्रेवर द्यायची. पाच मिनिटं न चुकता जमलं की मग पखवाजाला हात लावायचा.

आता अल्बमचं स्वागत कसं झालं. शीर्षकगीतावर आधी अडचण आली. नावात द्व्यर्थ दिसतो म्हणून काही रेडिओ केंद्रांनी कुरकुर केली, तेव्हा सिंगलवर (सुट्या गाण्याच्या छोट्या तबकडीवर) नाव किंचित बदलून छापावं लागलं. तरीही ते आर अँड बी यादीत १ल्या क्रमांकावर गेलं. सर्वसाधारण पॉप यादीत मात्र २१वर थांबलं. अल्बमचंही तसंच: बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या आर अँड बी अल्बम यादीत १ला, पॉप अल्बमांत ४५वा. ही आर अँड बी अल्बमांची यादीच मुळी १९६५मध्ये सुरू झालेली. कृष्णवर्णीय श्रोता तोवर मुख्यतः सिंगल विकत घेणारा मानला जायचा, म्हणून तो १ला क्रमांक मला जास्त मोलाचा वाटतो. पुढच्या वर्षी “सोल मॅन” हे गाणं पॉप यादीत २ऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं, पण त्याचा अल्बम ६२वर अडला. म्हणजे पॉप अल्बमांच्या यादीत या जोडीने ४५च्या वर कधी मजल मारली नाही. १९६८मध्ये स्टॅक्स आणि अटलांटिक वेगळे झाले, जोडी अटलांटिककडे परत गेली, तो स्टुडिओ आणि ते वादक मागे राहिले आणि यश ओसरलं.

बाराही गाणी सारख्या तोलाची नाहीत. तबकडीच्या दुसऱ्या बाजूची दोन-तीन नुसती भरतीची आहेत. पण आवाजांची वाटणी कुठेच ढिली पडत नाही, आणि आपल्या गायकांनी उचलण्यासारखी गोष्ट तीच आहे.

दोघांनी गायचं तर पट्टी वरच्या आवाजाच्या सोयीने ठरवावी. काळी दोनपासून सुरू करून एकेक स्वर वर जात पाहायचं: वरच्याला तार सप्तकात हाक मारता आली पाहिजे आणि खालच्याचा मंद्र पंचम ऐकू आला पाहिजे. खालच्याच्या आरामासाठी पट्टी उतरवली तर वरच्याची हाक मरते आणि दोन आवाज एकमेकांत विरून जातात. मग वहीत प्रत्येक ओळ तीन रंगांत लिहायची: पहिल्याची, दुसऱ्याची, दोघांची. दोघांनी एकत्र गायचा भाग चौथाईच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तो कोरस होतो, जोडी राहत नाही. दुसऱ्याने समेची वाट बघायची नाही. पहिल्याच्या ओळीच्या शेवटच्या दोन मात्रांवरच उचलायचं, आणि तेवढ्यात पहिल्याने श्वास भरून घ्यायचा.

माइक दोन हवेत, ओठांपासून चार बोटांवर, आणि हाक मारताना वीतभर मागे. साउंडवाल्याला इको आणि रिपीट बंद ठेवायला आधीच सांगा. एका आवाजाची शेपटी संपायच्या आत दुसरा सुरू होत असल्याने रिपीट असला की शब्दांचं पिठलं होतं, आणि पत्र्याच्या मंडपात ते दुप्पट होतं. मूळ गाण्यातले ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे पेटीवर वाजवायचे असतील तर भाता तुटक ठेवा आणि तो तुकडा दोन ओळींच्या फटीतच टाका. गाणाऱ्याखाली सूर धरून ठेवायची पेटीवाल्याची सवय इथे घात करते.

ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, डनचा बास त्यात जवळजवळ नाहीसाच होतो. आणि नीट बघून निवडा. या जोडीची गाजलेली गाणी पुढे पुन्हा नव्याने रेकॉर्ड केली गेली, आणि ‘निवडक’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक संग्रहांत तीच घातलेली असतात. गाणं ओळखीचं, पण ड्रम्स चपटे आणि स्टुडिओची गुंज मेलेली. मूळ अल्बमवर साल १९६६ आणि नाव स्टॅक्सचं असतं, गाणी बारा, पहिलं शीर्षकगीत आणि शेवटचं “ब्लेम मी”. तीन वेळा ऐका: एकदा फक्त सॅमच्या मागे, एकदा फक्त डेव्हच्या मागे, आणि तिसऱ्यांदा दोघांना सोडून नुसत्या ३ऱ्या-७व्या मात्रेच्या मागे.