आरसा चारशेच्या पेपरवरच ठरतो

गेले तीन शनिवार मी गॅरेजमध्येच आहे. शिकागोजवळच्या आमच्या गावात बाहेर बर्फ आहे आणि पेंटबॉलचं मैदान बंद. टेबलावर माझी जुनी ऑटोमॅग सुटी करून ठेवलीय. एअरगन डिझाइन्सच्या टॉम के यांनी इथेच, इलिनॉयमध्ये, १९९० च्या सुमारास आणलेली ही मार्कर, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचे बॉल मारणारी पेंटबॉलची बंदूक. हिच्यात मला सगळ्यात आवडतं ते स्टेनलेसचं काम: मुख्य नळी स्टेनलेस, व्हॉल्व्हसुद्धा स्टेनलेस. त्या नळीत मला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसायला हवा होता.

आधी हवेची टाकी काढली, आत एकही बॉल नाही हे बघितलं, साठलेली हवा सोडली आणि मगच पाना हातात घेतला. ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, काढून डबीत ठेवल्या. पॉलिश फक्त बाहेरून करायचं. आटे, नळीची आतली बाजू आणि ओ-रिंग जिथे बसते ती जागा, यांना पॉलिश पेपर लावायचा नाही. तिथला थोडासा धातू गेला तरी हवा गळायला लागते.

पहिल्या शनिवारी मी २२० नंबरच्या पेपरनं सुरुवात केली (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), ४००, ६०० असं भराभर करत संध्याकाळपर्यंत २००० ला पोचलो. नळी चमकत होती. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावला आणि दिव्याखाली तिरकी धरली, तर चमकेच्या खालून आडवे चरे वर आलेले. सगळे २२० चे. बफनं ते गेले नव्हते, उलट जास्तच उठून दिसत होते.

रात्री अप्पांना फोन केला. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. व्हिडिओवर नळी बघून म्हणाले, "पेपर बदललास, पण दिशा बदललीस का? आधीचा आडवा असंल तर पुढचा उभा मार. आडवा एक चरा जरी दिसला तरी पुढं जायचं न्हाई. आणि मधनं धू की रे, जाड पेपरचा एक कण राहिला तर बारीक पेपरखाली तोच वरबडतोय."

मग पुन्हा ३२० पासून. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पेपर ओला, एका पेपरला आडवं, पुढच्याला उभं. चारशेला मी जवळजवळ दोन तास थांबलो. माझं आता ठाम मत झालंय की आरसा इथेच ठरतो. चारशेला नळी एकसारखी राखाडी झाली, की ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० हे एकेका पेपरला दहा-पंधरा मिनिटांचं काम उरतं. सगळ्यात जास्त छळलं ते बॉल येण्याची नळी बाजूनं जोडलीय त्या सांध्यानं. त्या कोपऱ्यात ना बोट जात, ना चाक. आइस्क्रीमची काडी तिरकी कापून तिला पेपर गुंडाळला आणि तेवढ्या अर्ध्या इंचावर एक अख्खी दुपार घालवली.

बफसाठी सहा इंची ग्राइंडर आहे, मिनिटाला ३,४५० फेरे. आधी सायसलचं, म्हणजे राठ धाग्याचं, चाक आणि कंपाउंडची, म्हणजे पॉलिशच्या मसाल्याची, हिरवी वडी, मग सुटं सुती चाक आणि पांढरी. एका वडीच्या चाकाला दुसरी वडी लावायची नाही. वस्तू चाकाच्या मध्याखाली धरायची आणि कडेवरून बाहेर जाईल अशी, कडेवर चाक आदळेल अशी नाही. नाहीतर चाक ती हातातून हिसकावून घेतं. चष्मा हवाच. हातमोजे मी घालत नाही, ते चाकात ओढले जातात. स्टेनलेसमध्ये उष्णता लवकर पसरत नाही, एकाच जागी दाबलं तर तिथं पिवळट डाग उमटतो. म्हणून हाताला चटका बसायच्या आत थांबतो आणि दुसरी बाजू घेतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो: साधी लोखंडी तारेची घासणी याला कधीच लावू नका. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तेच गंजतात. मग लोक म्हणतात, स्टेनलेसला गंज चढला.

काल रात्री नळी कोमट पाण्यानं धुतली, सुती फडक्यानं पुसली आणि ओ-रिंगांना तेल लावून सगळं जोडलं. हवा भरून कान लावला. कुठेच फुसफुस नाही. मुलगा जवळ येऊन नळीकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, छतावरच्या ट्यूबवरची अक्षरं वाचता येतायत, फक्त उलटी."

सांध्याच्या आतल्या बाजूला अजून एक बारीक राखाडी रेघ आहे. येत्या शनिवारी ती काढणार.