मामा तलावातला सराव: आठवा रविवार

मामा तलावात (विदर्भातला जुना माजी मालगुजारी तलाव) आपला स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पोहण्याचा आणि डुबकीचा सराव चालू आहे. लक्ष्य तेच, बालीतल्या तुलांबेनचं बुडालेलं 'लिबर्टी' जहाज पाहणं. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते निकामी झालं, मग ओढत आणून किनाऱ्याला लावलं गेलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. आज किनाऱ्यापासून जेमतेम तीस मीटरवर आहे. वरचा भाग पाचेक मीटर खोलीवर, खालचा तीसच्या आसपास. आपल्यासारख्या नळीवाल्यांना वरचाच भाग पुरे.

मास्क गळण्याचं कारण बहुतेकदा मिशी. नाकाखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी साफ केली की रबर कातडीला बसतं. पट्टा आवळू नका. कड दुमडते आणि गळती वाढते. नवी काच धुकट होत असेल तर आतून पांढरी टूथपेस्ट (जेल नको) बोटाने दोन-तीनदा चोळून धुवा.

आता मुख्य मुद्दा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. ७० किलोच्या माणसाला तिथे जवळजवळ पावणेदोन किलो जास्त उचल मिळते. तलावात सहज लागणारी डुबकी तिथे कमरेशीच अडकते. म्हणून तलावात सराव करताना दोन लिटरची रिकामी बाटली, झाकण घट्ट लावून, एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीने कमरेला बांधायची. उचल जवळपास तेवढीच होते. मग कमरेत काटकोनात वाका आणि दोन्ही पाय सरळ आभाळाकडे न्या. हवेत आलेल्या पायांचं वजनच खाली ढकलतं. फिन (पायात घालायचे रबरी पंख) पाण्याखाली जाईपर्यंत पाय मारायचे नाहीत, नुसता फेस होतो.

तीन मीटरवर बाटली चेपलेली दिसते, आतली हवा दीड लिटरवर येते. कानाच्या पडद्यावर तोच दाब असतो. दुखायच्या आधीच, दर मीटरला, नाक दाबून हलकं फुंका. मास्क चेहऱ्याला चिकटू लागला तर नाकाने थोडी हवा आत सोडा.

जागा निवडताना शिंगाड्याचे वेल टाळा आणि जाळी कुठे लावलीत ते ढिवरांना (मासेमारांना) आधी विचारा. प्लास्टिक घातलेल्या शेततळ्यात मुळीच नको. ओल्या प्लास्टिकवरून चढून बाहेर येता येत नाही.

तलावात शिकता येत नाही ते एकच: तुलांबेनचे गोल काळे दगड लाटेबरोबर पायाखालून गडगडतात. बुटी (पाण्यात घालायचे मऊ बूट) घालून चालत जा, फिन छातीभर पाण्यात गेल्यावर चढवा. जहाजाचं लोखंड धारदार आहे. हात लावू नका, आत शिरू नका.

पुढचा रविवार जोडीचा. एक खाली, एक वर, नजर खालच्यावर. जितका वेळ खाली, त्याच्या दुप्पट वर विसावा. डुबकीआधी भराभर श्वास घेणं बंद: त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस वर येतायेता बेशुद्ध होतो.