प्लग-इन हायब्रिडचं टॅक्स क्रेडिट: सॉफ्टवेअरमधून फॉर्म ८९३६ भरताना

अमेरिकेत नव्या प्लग-इन हायब्रिडवर मिळणारं ७,५०० डॉलरपर्यंतचं फेडरल क्रेडिट (म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम) ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी बंद झालं. त्याआधी गाडी घेतलेल्यांचा हक्क मात्र शाबूत आहे. त्या तारखेपर्यंत लेखी करार झाला असेल आणि थोडी तरी रक्कम भरली असेल, तर गाडी नंतर हातात आली तरी चालतं. क्रेडिट मागायचं ते गाडी ताब्यात आली त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये, फॉर्म ८९३६ जोडून. २०२४ च्या रिटर्नमध्ये मागायचं राहून गेलं असेल, तर १०४०-एक्स (१०४० या मुख्य रिटर्नचा दुरुस्ती फॉर्म) भरून अजूनही मागता येतं. आमची गाडी २०२४ ची क्रायस्लर पॅसिफिका प्लग-इन. त्या रिटर्नच्या वेळी जे जे तपासावं लागलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण टॅक्सचं सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, पण उत्तर कुठल्या कागदावर सापडेल ते सांगत नाही.

आधी गाडी पात्र आहे का ते बघा. साध्या हायब्रिडला, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटला न लागणाऱ्या गाडीला, हे क्रेडिट नाही. २००६ ते २०१० या काळात साध्या हायब्रिडसाठी वेगळं क्रेडिट होतं आणि त्याचा फॉर्म ८९१० होता. त्या आठवणीवर आजही कुणी तरी सांगतं की प्रियसवर पैसे मिळतात. मिळत नाहीत. प्रियस प्राइम प्लग-इन असूनही बसत नाही, कारण ती जपानमध्ये तयार होते आणि गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली असावी लागते. बॅटरी किमान ७ किलोवॅट-तासांची हवी. पॅसिफिकाची १६ ची आहे. व्हॅन, एसयूव्ही आणि पिकअपची एमएसआरपी (कंपनीने सुचवलेली किंमत) ८०,००० डॉलरच्या आत हवी, बाकी गाड्यांची ५५,००० च्या आत. ही किंमत खिडकीवरच्या स्टिकरवरची, ऑप्शन धरून पण डेस्टिनेशन चार्ज सोडून. घासाघीस करून ठरलेला भाव इथे धरत नाहीत. सगळ्या पात्र गाड्यांना पूर्ण रक्कमही मिळत नाही. बॅटरीतली खनिजं आणि बॅटरीचे सुटे भाग यांचे ३,७५० डॉलरचे दोन वेगळे भाग आहेत. त्यामुळे पॅसिफिकाला ७,५०० आणि २०२४ च्या जीप रँग्लर फोर-एक्सईला ३,७५०.

लीजवर घेतलेली गाडी असेल तर इथेच थांबा. ते क्रेडिट लीज देणाऱ्या कंपनीचं असतं, तुमच्या रिटर्नमध्ये त्याला जागा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. २०२४ पासून डीलरने विक्रीनंतर तीन दिवसांत आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) ‘एनर्जी क्रेडिट्स ऑनलाइन’ पोर्टलवर विक्रीचा अहवाल भरायचा असतो. इंग्रजीत त्याला ‘टाइम ऑफ सेल रिपोर्ट’ म्हणतात. त्यात गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), तुमचं नाव, सोशल सिक्युरिटी नंबर, विक्रीची तारीख, बॅटरीची क्षमता आणि जास्तीत जास्त मिळू शकणारं क्रेडिट एवढं असतं. आयआरएसने अहवाल स्वीकारल्याची नोंद असलेली प्रत डीलरने तुम्हाला द्यायची असते. ही प्रत हातात नसेल तर सॉफ्टवेअर उघडूच नका. डीलरने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र पुरत नाही, कारण आयआरएसचा संगणक तुमचा व्हीआयएन पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून बघतो. नोंद नसेल तर ई-फाइल केलेलं रिटर्न परत येतं. आमचंही आलं. आम्ही गाडी घेतली तिथल्या विक्री विभागाला हे पोर्टल माहीतच नव्हतं. काम झालं ते हिशेब विभागात बोलल्यावर. मागताना ‘टॅक्सचा कागद’ असं मोघम सांगू नका. पोर्टलचं पूर्ण नाव घ्या, व्हीआयएन लिहून द्या आणि स्वीकृत अहवालाची प्रत मागा. २०२४ च्या राहून गेलेल्या विक्रींचे अहवाल उशिरा भरायची मुभा आयआरएसने २०२५ च्या सुरुवातीला डीलरना दिली होती, तेव्हा ‘मुदत संपली’ एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका.

प्रत मिळाली की दोन गोष्टी अक्षर न् अक्षर तपासा: सोशल सिक्युरिटी नंबर आणि व्हीआयएन. आपल्या नावांत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि डीलरकडे तेच कधी आडनावाच्या रकान्यात जातं. तेही बघून घ्या. व्हीआयएन सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे गोल दिसतं ते शून्य आणि उभी रेघ दिसते ती एक. अहवाल पती-पत्नींपैकी एकाच्याच नावावर असतो. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही, वेगवेगळं भरणाऱ्यांना पडतो.

उत्पन्नाची मर्यादा एकत्र भरणाऱ्यांना आणि क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउसना ३,००,००० डॉलर, हेड ऑफ हाउसहोल्डला (अविवाहित, पण घरातल्या अवलंबितांचा भार उचलणाऱ्यांना) २,२५,०००, बाकीच्यांना १,५०,०००. ती ओलांडली तर क्रेडिट हळूहळू कमी होत नाही, एका डॉलरने पूर्ण जातं. पण गाडी ताब्यात आली ते वर्ष आणि त्याच्या आधीचं वर्ष, यांपैकी ज्यात उत्पन्न कमी ते धरता येतं. म्हणून गाडी आली त्या वर्षी आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर) व्हेस्ट होऊन, म्हणजे तुमच्या नावावर होऊन, आकडा फुगला असेल तर त्याच्या आधीच्या वर्षीचं रिटर्न काढून ठेवा. सॉफ्टवेअर तो आकडा विचारतं. आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी: एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्नच आहे. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही अमेरिकेत उत्पन्नच. मर्यादेच्या काठावर असाल तर हे धरूनच हिशेब करा.

आता सॉफ्टवेअर. मोफत आवृत्तीत हा फॉर्म बहुधा नसतो, त्यामुळे सुरुवातीलाच योग्य आवृत्ती घ्या. मेनूची नावं दर वर्षी बदलतात. शोधायच्या चौकटीत ८९३६ टाकून थेट त्या भागात जाणं सगळ्यात सोपं. गाडी नवी की जुनी, वर्ष, मेक, मॉडेल, व्हीआयएन, ताब्यात आल्याची तारीख (बुकिंगची नव्हे) आणि धंद्यासाठी किती टक्के वापर, हे प्रश्न येतात. शेवटच्या प्रश्नाला नुसतं घरगुती वापर असेल तर शून्य. शेजारीच घरच्या चार्जरचा प्रश्न येतो. तो फॉर्म ८९११, त्याचे नियम वेगळे आणि तुम्ही राहता तो भाग पात्र आहे का हे आधी बघावं लागतं.

खरी गफलत होते ती पुढच्या प्रश्नावर: क्रेडिट विक्रीच्या वेळी डीलरला हस्तांतरित केलं का? केलं असेल, म्हणजे ७,५०० डॉलर तिथेच किमतीतून वजा झाले असतील, तर ‘हो’ म्हणायचं. मग रिफंड एका डॉलरनेही वाढत नाही. तो वाढला नाही म्हणून लोक मागे जाऊन उत्तर ‘नाही’ करतात आणि तेच पैसे दुसऱ्यांदा मागून बसतात. व्हीआयएनवरून ते पकडलं जातं. हस्तांतरण केलेलं असूनही उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, तर रक्कम परत भरावी लागते. ती शेड्यूल २ वर (१०४० ला जोडायच्या पानावर) दिसते.

हस्तांतरण केलं नसेल तर क्रेडिट शेड्यूल ३ च्या ६एफ ओळीवर येतं. छापून बघताना ती ओळ तपासा. तिथे ७,५०० ऐवजी कमी आकडा दिसला तर ती सॉफ्टवेअरची चूक नाही. हे क्रेडिट टॅक्स शून्यावर आणू शकतं, त्याखाली नाही. समजा १०४० च्या १८ व्या ओळीवर टॅक्स ६,२०० डॉलर आहे. त्यातून भारतात भरलेल्या टॅक्सचं फॉरेन टॅक्स क्रेडिट ४०० आणि पाळणाघराच्या खर्चाचं ६०० आधी वजा होतं. उरले ५,२००. गाडीचं क्रेडिट तेवढंच मिळतं, २,३०० डॉलर वाया जातात आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाहीत. डीलरकडे हस्तांतरित केलेल्या क्रेडिटला ही टॅक्सची मर्यादा लागत नाही. कमी टॅक्स असलेल्यांसाठी, विशेषतः निवृत्त आईवडिलांसाठी, तोच रस्ता बरा होता.

रिटर्न परत आलं तर व्हीआयएन पुन्हा पुन्हा टाकून पाठवत राहू नका. डीलरची नोंद झाल्याशिवाय निकाल बदलणार नाही. अंतिम तारखेच्या सुमारास परत आलं तर दुरुस्त करून ई-फाइल करायला पाच दिवस मिळतात. तेवढ्यात डीलर हलत नसेल तर मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ मुदतीआधी भरून ठेवा, म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. टॅक्स देणं असेल तर तो मात्र एप्रिलमध्येच भरायचा. बाकीचा रिफंड अडकून राहायला नको असेल तर फॉर्म ८९३६ काढून रिटर्न पाठवता येतं आणि अहवाल आल्यावर १०४०-एक्स भरता येतो. क्रेडिट डीलरला हस्तांतरित केलेल्यांना ही वाट नाही, त्यांनी फॉर्म ८९३६ मूळ रिटर्नसोबतच जोडायचा असतो.