सुट्टी लागली की सांगली

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळाच्या स्पर्धा भरल्या की आम्हीही वारीला निघायचो. तासगावहून सकाळच्या एस.टी.नं काका, चुलतभाऊ आणि मी. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचा तक्कू.

घरी मी आजोबांशी खेळायचे, तेही देशी पद्धतीनं. प्यादं एकच घर चालणार आणि राजाला शह बसेपर्यंत एकदा घोड्याची उडी घेता येणार. सांगलीत नियम आंतरराष्ट्रीय, शिवाय शेजारी दोन तबकड्यांचं घड्याळ. काटा बाराजवळ आला की लाल झेंडी हळूहळू वर उचलली जायची. ती पडायच्या आत चाली पुऱ्या करायच्या आणि प्रत्येक चाल कागदावर लिहायची. मोहऱ्याला हात लागला की तोच चालवायचा. आजोबांसारखं "बरं, घे मागे" म्हणणारं तिथं कुणी नव्हतं, आणि मला ते फार आवडायचं. आपल्याला कुणीतरी खेळाडू म्हणून मोजतंय, असं वाटायचं.

ती ८०च्या दशकाची अखेर होती. सांगलीच्या भाग्यश्री साठे (आताच्या ठिपसे) राष्ट्रीय विजेत्या झाल्या होत्या, १९८७ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली होती. त्यामुळे "मुलगी आहे, खेळेल का?" असं त्या दालनात कुणी विचारत नसे. बाहेर मात्र विचारत.

एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. समोर कोल्हापूरचा मुलगा, वयानं माझ्याहून लहान, खुर्चीवर बसला की पाय जमिनीला टेकत नव्हते. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती उरला आणि माझं एक प्यादं जास्त. तो घाबरला नाही. त्यानं हत्ती आडवा लावून माझ्या राजाची वाट अडवली आणि तिथंच हलवत राहिला. मी प्यादं पुढे सरकवलं मात्र, त्यानं हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शहावर शह द्यायला सुरुवात केली. राजाला लपायला जागाच नाही. बरोबरी.

सही झाल्यावर तो म्हणाला, "ताई, बाहेर बसू या का? दाखवतो." व्हरांड्यात पट मांडला. मंडळाचे एक आजोबा चहाचा कप घेऊन आमच्यात बसले. प्यादं पुढे गेलं की राजाचा आडोसा जातो, म्हणून तोवर हत्तीनं थांबायचं, हे त्यांनी मोहरे फिरवून समजावलं. हा बचाव अठराव्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूचा, हेही त्यांच्याकडूनच कळलं. पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्या तरी आम्ही उठेनात.

आता भाचीला घेऊन स्पर्धांना जाते. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. जोड्या मोबाइलवर येतात, घड्याळं डिजिटल झाली, सोय झाली हे चांगलंच. पण डाव संपला की पालक मुलांना हाताला धरून बाहेर नेतात आणि समोरचा काय विचार करत होता ते विचारायचं राहूनच जातं. आयोजकांनी दालनाशेजारी एक खोली आणि चार पट एवढं तरी ठेवावं. मोहरे लागतील तेवढे मी आणून देईन.